उरलेला रस्ता

निफाडकडच्या एका बंद साखर कारखान्याच्या लिलावात
मी ही फार्गो घेतली तेव्हा
बोली लावणारे दोघेच होतो,
मी आणि एक भंगारवाला.
त्याने हसून हात खाली घेतला.

बासष्ट सालची पिकअप. रंग हिरवा, म्हणजे होता.
अकरा वर्षं तिने माझ्या मखमलाबादच्या नर्सरीतून
गुलाब, शेवगा, डाळिंबाची रोपं वाहिली
आणि अकरा वर्षांत
एकदा ब्रेक दाबून मी कधी थांबले नाही.
दोनदा पंप, तिसऱ्यांदा आशा,
चौथ्यांदा हँडब्रेक.
जिथे थांबायचं त्याच्या दोन खांब आधीच
पाय कामाला लावायचा,
हा हिशेब माझ्या पोटरीत मुरलेला.

मागच्या चैत्रात चांदवडच्या घाटात तो चुकला.
खडीच्या ढिगाने पोटात घेतलं म्हणून बरं.
तीनशे रोपं रस्त्यावर, पिशव्या फुटून माती,
आणि मी स्टिअरिंग धरून बसलेली.
ते चाकांशी काही नातंच नसल्यासारखं
डावीकडे, उजवीकडे सैल फिरत होतं.

वडाळा नाक्यावर अन्सार मिस्त्रींनी
पुढचं चाक उतरवलं, किंगपिन दोन बोटांनी हलवला.
"दाढेसारखा हलतोय, बाई.
यावर घाट उतरता तुम्ही?"
मी गप्प.

मग सव्वीस दिवस.
सरळसोट ॲक्सल निघाला, पाटे निघाले.
अंबडच्या वाळूबा टर्नरने ब्रॅकेट कातून दिले,
दोनदा चुकीचे, तिसऱ्यांदा बरोबर.
एका मेलेल्या बोलेरोचे आर्म आले,
कॉइल स्प्रिंग, बॉल जॉइंट,
आणि ड्रमच्या जागी डिस्क,
जेवणाच्या ताटाएवढ्या, तशाच चकचकीत.
जुने लायनर दगूने माझ्या हातात ठेवले:
नखाएवढी जाडी, रिव्हेट उघडे पडलेले.
इतक्यावर मी अकरा वर्षं.

शेवटी ब्रेकमधली हवा काढायची.
मी सीटवर, दगू चाकाशी पाना आणि नळी घेऊन,
मिस्त्री भिंतीला टेकून.
"सगळ्यात लांबचं चाक आधी," ते म्हणाले,
"जवळचं काय, ते ऐकतंच."
दाबा. दाबा. दाबा. धरा.
खालून दगू: सोडा.
पाण्याच्या रिकाम्या बाटलीत एकेक बुडबुडा,
कारखान्याच्या कुठल्या कुठल्या ड्रायव्हरांनी
आत ठेवून दिलेला श्वास.
दाबा. धरा. सोडा.
आणि कधीतरी पेडल माझ्या पायाखाली
दगडासारखं उभं राहिलं.

आज सकाळी गंगापूर रोडने निघाले, मागे ऐंशी मोगरे.
सोमेश्वरच्या अलीकडे एक पोरगा
सायकलला दुधाची किटली अडकवून आडवा आला.
पाय आपोआप उठला, जुन्याच खांबापाशी,
आणि जुन्याच जोराने पडला.

फार्गो जागच्या जागी.
नाक खाली वाकवलं, पुन्हा वर.
मोगरे एकमेकांच्या अंगावर.
पोरगा अजून बराच लांब होता.
त्याने माझ्याकडे बघितलं, एक पाय टेकला,
किटली नीट केली, मग सावकाश गेला.
मागे रिक्षावाला हॉर्न बडवत होता.

मी मात्र काचेतून बघत बसले
बंपरपुढचं ते मोकळं डांबर,
पंधरा-वीस हात असेल,
आजवर कधीच न उरलेलं.
त्याचं काय करायचं असतं
हे आता पायाला कोण सांगणार.