सात नंबर

नवी पेठेत, फोटो स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर
कूलर फडफडत होता. आम्ही सहा जण,
आणि सातव्या खुर्चीवर लॅपटॉप.
खेळायचे तीनशे रुपये, चहा, शेव-मुरमुरे.
झोपे मॅडम मूळच्या सावद्याच्या, बोलणं आता पुण्याचं.
"खोटं बोलायचंय," म्हणाल्या, "संशोधनासाठी."
कुणी हसलं नाही. मे महिना होता.

चिठ्ठी उघडली: लांडगा.
घडी करून खिशात टाकली आणि चेहरा
दुकानात ठेवतो तसा ठेवला.
सराफ बाजारात एकोणीस वर्षं काउंटरला आहे मी.
मोड घेऊन आलेल्या माणसाला
त्याचं सोनं किती खोटं निघालं हे सांगण्याआधी
आम्ही पाणी विचारतो.

पहिल्या रात्री भारंबे नानांना खाल्लं.
रिटायर्ड टीसी, भुसावळ डिव्हिजन,
बिनतिकिटाचा त्यांना चपलेवरून कळायचा.
असा माणूस गावात नको.

सकाळ झाली. म्हणजे मॅडमनी टाळी वाजवली.
पारोळ्याच्या इंदूबाईंचं बोट रुबाब तडवीकडे:
"हाऊ कव्हयना गप बठेल शे."
रुबाब म्हणाला, यावलहून उभ्यानं आलोय बसमधे,
झोप येतेय मला.
मग पडद्यावर अक्षरं उमटली, सावकाश,
शाळेच्या पुस्तकातल्यासारखी:
"माझा संशय पाच नंबरवर आहे.
कोण गेलं हे जाहीर होण्याआधीच
ते 'बिचारे नाना' असं म्हणाले होते."

पाच नंबर मी.
म्हणालो होतो. अगदी तसंच.
मानेवरून घाम खाली उतरत गेला,
मी त्याला उतरू दिला,
चार मुरमुरे तोंडात टाकले, चावले,
आणि मग विचारलं,
"इतकं सोवळं कोण बोलतं भो, आपल्या जळगावात?"

बस.
चार हात सात नंबरवर. पाचवा माझा.
"ठीक आहे," त्यानं लिहिलं. "मी गावकरी होतो.
आज रात्री पाच नंबरकडे लक्ष असू द्या."
कुणाचंच नव्हतं.

दुसऱ्या डावात लांडगा तो होता.
मला आधी खाल्लं, त्यामुळे मी भिंतीला टेकून बघत होतो,
मेलेल्यांना बोलायची बंदी.
इंदूबाईंनी त्याला सरळच विचारलं,
शेजारच्या पोराला विचारावं तसं:
"तूच शे का रे लांडगा?"
पडद्यावर टिंबं नाचली. थांबली. परत नाचली.
"नही मावशी. मी कसाना लांडगा?
तुमनाच गावना शे."

तासाभरात उचललं होतं त्यानं बाईंचं बोलणं,
सोनार चिमटीनं चुरा उचलतो तसं,
कण न सांडता.
"त्याले कोनी हात लावू नका," इंदूबाई म्हणाल्या,
लॅपटॉपकडे थोडं सरकून बसल्या.
तिसऱ्या रात्री त्यांनाही खाल्लं त्यानं.
गाव संपलं.

शेवटी फॉर्म.
खोटं बोलताना कसं वाटलं, पाचपैकी गुण द्या.
मी तीनवर खूण केली, तीन कुणाला खुपत नाही.
भारंबे नाना अडून बसले.
"खरं बोलणाऱ्याला हाकललं,
त्याचा रकाना कुठंय?"
मॅडम म्हणाल्या, शेऱ्यात लिहा ना.
नानांनी पेनाचं टोपण लावलं
आणि पेन परत दिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात अमळनेरकडची एक बाई.
हातरुमालाची गाठ, गाठीत पोत.
नवऱ्यानं केलेली, सत्त्याऐंशी साली, कपाशीच्या पैशातून.
"इकानी नही शे," म्हणाली. "फक्त सांग, खरी शे ना?"
मी कसोटीवर रेघ ओढली,
तेजाबाचा थेंब सोडला.
रेघ कडेकडेनं हिरवी होत गेली.
बाईंचं लक्ष दगडाकडे नव्हतंच,
माझ्या तोंडाकडे होतं.

दगड पुसला.
पाणी विचारलं.
"शे," म्हणालो, "खरी शे, मावशी."