पुढच्या सालचं मॉडेल

खडे बाजाराच्या वळणावर, चपलांच्या दुकानावरच्या माळ्यात
माझं टेबल. एक भिंग, सोल्डरची सळई,
आणि कुंद्याच्या रिकाम्या डब्यात जमवलेले स्क्रू,
इतके बारीक
की शिंक आली तर मान फिरवून शिंकावी लागते.

गजू सांबरेकर दुपारी येतो, बातमी घेऊन येतो.
कॉलेजला जातो म्हणतो. जातो की नाही, देव जाणे.
'ऐकलासा काय मामा,
पुढच्या सालच्या लॅपटॉपला बटणंच नसणार म्हणे!
वर काच, खाली काच, अक्षरं आतून उजळणार,
पाहिजे तेव्हा कन्नड, पाहिजे तेव्हा मराठी.'

मी हातातला कीबोर्ड उलटा करून झटकतो.
चुरमुरे पडतात, एक लांब केस,
आणि सुटलेला एक स्टिकर. पालथा.
बहुतेक 'ळ'. गावाच्या नावातला.
पालथा असेपर्यंत
तो कुठल्या लिपीतला ते विचारायचं कारण नाही.

गजूची गाडी थांबत नाही.
मॉनिटर म्हणे गुंडाळून ठेवता येणार,
शहापूरच्या मागावर तुरीला कापड गुंडाळतात तसा.
नुसतं हवेत बोट फिरवलं की पान उलटणार.
'आणि स्क्रू?' मी विचारतो.
'स्क्रू कशाला? सगळं चिकटवलेलं.'
डब्याकडे माझं लक्ष जातं.

भरमाण्णा मुचंडीकर बाकावर बसलेत,
उद्यमबागेत पॅटर्न करून केस पांढरे झालेले,
मांडीवर पोरीचा लॅपटॉप, एका कुशीवर कललेला.
'म्हणजे बिजागरी नसणार त्याला?'
'नाही ओ काका. पडदाच वाकणार.'
भरमाण्णा बोट वाकवतात, सरळ करतात, परत वाकवतात.
'वाकतं ते दमतंय बघ. लोखंडसुद्धा.
बिजागरी असली की दमणं एका जागेला राहतं,
बदलता येतं.
अख्खा पडदा दमला तर काय बदलणार तुम्ही?'
गजू चहा सांगायला खाली जातो.

निपाणीहून आक्काताई बुदिहाळकर आल्यात, नातवाचा टॅब घेऊन.
'पोरानं हात लावला की चालतंय,
मी लावला की मेल्यागत पडतंय.'
छत्तीस वर्षं विड्या वळल्या. बोटांची टोकं
कोरडी, चकचकीत, रेघ न उरलेली.
मी टॅब उघडतो. सगळं ठीक.
ओलं फडकं देतो, म्हणतो, पुसून बघा.
तिसऱ्या खेपेला काच मानते,
आणि बाई हसतात,
आडमुठ्या कारकुनानं अर्ज घेतल्यासारख्या.
पैसे मी घेत नाही. दुरुस्त काहीच केलं नव्हतं.

त्या रात्री लाईट गेली.
मेणबत्तीपाशी बसून एका बिलाच्या पाठीवर मी मॉडेल काढलं.
तळाला चार स्क्रू, साध्या फुलीचे.
कड जाड. पडलं तर आधी कडेनं फुटावं.
काच अशी की घट्टा पडलेलं बोट आधी ओळखेल,
गुळगुळीत बोटानं जरा थांबावं.
मॉनिटर गुंडाळणारा नको.
पाठ पाहिजे त्याला, भिंतीला टेकायला.
बिजागरी: भरमाण्णांना विचारून.
किंमत लिहिली, खोडली, परत लिहिली.

सकाळी घाईत तेच बिल फाडून कुणाला तरी दिलं.
दोनशे साठ रुपये, पंख्याची सफाई.
कुणाला, आठवत नाही.
चार दिवस उगाच ड्रॉवर उचकत राहिलो.

आज गजू जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आला.
'मामा, मागचं सगळं रद्द!
नवीन मॉडेलला जाड कड येणार, खाली चार स्क्रू.
घट्ट्याचं बोट आधी घेणार म्हणे.
संकेश्वरच्या एकाकडं चित्र आहे, कंपनीतनं फुटलेलं.
फक्त बिजागरीचं कोण भरमाण्णा म्हणून साहेब आहे,
त्यानं अजून सही केली नाही.'

बाकावर भरमाण्णांनी चष्मा काढला,
पुसला, परत घातला.
मी भिंगातनं डोळा उचलला नाही.
'येईल की,' म्हटलं. 'पुढच्या सालाला.
तो डबा दे जरा इकडं.
आणि शिंकू नकोस.'