वर ब्याऐंशी, खाली त्र्याऐंशी

आवरेलिना आंटीची अट एकच, भाडं ठरतानाच सांगितलेली:
वण्टीक खिळो मारूं नाका.
म्हणून वास्कोतल्या या घरात चार वर्षं
कॅलेंडरसुद्धा फ्रिजच्या डोक्यावर आडवं.

आतल्या खोलीला चौकट आहे, दार नाही.
कुणी नेलं, कशाला नेलं, आंटीलाही आठवत नाही.
बिजागऱ्यांच्या जागी तीन खळगे,
रंगावर रंग चढून उथळ झालेले.

शर्वाणी आठवीत गेली
आणि एका रविवारी, ताटाकडे बघत, म्हणाली,
"पपा, पडदा लावूया?"
मग घास गिळून,
"पण दांडी दिसायला नको. हॉस्पिटल वाटतं."

लोटलीकरांच्या दुकानात स्प्रिंगची दांडी मिळाली,
दोन्ही टोकांना रबराच्या टोप्या.
"पिळायची आणि सोडायची," पोरगा म्हणाला,
जणू लिंबाबद्दल बोलतोय.

मी बंदरात क्रेन चालवतो.
वीस टनांची लोखंडी गुंडाळी
जहाजाच्या पोटात उतरवतो, कुठेही न घासता.
आणि इथे स्टुलावर उभा,
टेपची जीभ सारखी आत पळतेय.
वर ब्याऐंशी. खाली त्र्याऐंशी.
मध्ये काय ते मी दोनदा मोजलं, दोनदा वेगळं आलं.
कुठलीच चौकट काटकोनात नसते, वडील म्हणायचे.
ते सुतार नव्हते, पोस्टात होते,
तरी म्हणायचे.

वरच्या पट्टीच्या मागे खाच आहे, दार होतं तेव्हाची.
तिथे दांडी बसली तर समोरून फक्त कापड दिसेल,
आपलं आपणच लोंबत असल्यासारखं.
धूळ काढायला बोट फिरवलं. काळी.
कोळशाचं जहाज लागलं की आमच्याकडे
पांढरं काही बाहेर वाळत घालत नाहीत.
धुळीसोबत हाताला लागला
झावळीच्या पातीचा खुरीस,
वाळून बिस्किटाच्या रंगाचा,
कुठल्या सालचा कोण जाणे.
कुणीतरी मुद्दाम आत सारलेला, दिसणार नाही असा.
"काढायचा?" शर्वाणीने विचारलं.
फुंकर मारून परत ठेवला.
दांडी दोन बोटं खाली घेतली.

पिळली. सोडली.
दोन्हीकडे रेटून ती उभी राहिली,
ना खिळा, ना स्क्रू.
यात काहीतरी अर्थ आहे असं मला वाटायला लागलं
तेवढ्यात ती पडली, चष्म्यावर.

मग सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे टोकांना.
मग शर्वाणी, खालून:
"डावीकडे. तुमचं डावं नाही, माझं."
बसली.
ओढून बघायचा धीर झाला नाही, नुसतं बोट लावलं.

पडदा तिने निवडलेला, राखाडी,
बारीक पिवळे ठिपके, माझ्या मते महाग.

रात्री मस्कतहून तिच्या आईचा व्हिडिओ कॉल.
तिथे ती एका म्हातारीला सांभाळते,
त्या घरात खिडकीगणिक दोन पडदे
आणि दिवसा एकही सरकवायचा नाही.
"काय बदललंय, सांग!"
शर्वाणीने फोन घरभर फिरवला.
पडदा आधीच कडेला सारून ठेवलेला,
चौकटीच्या सावलीत मिटलेला.
आईने फ्रिज बघितला, कॅलेंडर बघितलं, मला बघितलं.
"पपांनी मिशी कमी केली?"

दोघी हसल्या.
मग फोन घेऊन शर्वाणी आत गेली
आणि कड्या सरकल्याचा आवाज आला.

मी बाहेर.
पलीकडून आवाज येतो, शब्द येत नाहीत.
पडदा आणि उंबरठा यांच्यामध्ये
चार बोटं जागा उरलीय, मोजताना धरलीच नव्हती.
तिथून उजेड येतो,
आणि एक पाऊल दिसतं, टाच उचललेलं.
उद्या खालची शिवण उसवून कापड सोडावं, असं मनात आलं.
मग म्हटलं, राहू दे.
तिने विचारलं तर.