काचेसाठी कान

गारगोट्यांची मागची काच फुटली तेव्हा
ते कोल्हापूरला लग्नाला गेले होते.
मधली भिंत एकच,
तरी मला काही ऐकू आलं नाही.
हे मी पोलिसांना सांगितलं, मग गारगोट्यांना,
मग फोनवर आइंडहोवनला लेकीला,
आणि तिसऱ्यांदा सांगताना
माझंच मला ते कबुलीजबाबासारखं वाटलं.

म्हणून आज तन्वीर शिकलगार आलाय,
धायरीच्या उन्हातून, स्कूटरला पेटी बांधून.
टेबलावर दोन वस्तू ठेवतो.
ही काचेला चिकटते, रुपयाएवढी,
हिला ऐकू येत नाही, नुसता हादरा कळतो.
खिडकीला एक.
आमच्या खिडक्या अकरा.
कुमुद तिथेच गुणाकार करते.

ही दुसरी छताला. खोलीभर ऐकते,
पंचवीस फूट, पण मध्ये बंद दार नको.
आणि पडदे, काका. जाड पडदे आवाज खातात.
पडदे कुमुदनं लक्ष्मी रोडवर
चार दुकानं फिरून घेतलेत.
ती चहा टाकायला आत जाते.

मी विचारायचं ते सगळं विचारतो.
कुकरची शिट्टी?
नाही वाजणार.
वाट्यांची चळत कोसळली तर?
स्वयंपाकघरात लावूच नका.
आणि जुलैपासून नदीकाठी ढोलपथक,
रात्री साडेनऊपर्यंत?
इथे तो जरा थांबतो.
तोही पथकात आहे. ताशाला.

म्हणतो, याला दोन आवाज लागतात, काका.
आधी धप्प: दगड, कोपर, जे काही आदळेल ते.
खालचा, जाडा.
लगेच त्याच्यामागे खळ्ळ, वरचा, बारीक.
याच क्रमानं, डोळा लवायच्या आत.
एकटा धप्प आला तर हे गप्प.
एकटा खळ्ळ आला तरी गप्प.
मग ढोल आणि ताशा एकदम?
तो हसतो. जरा कमी तिखट ठेवू.

भोसरीत एकतीस वर्षं
अडीचशे टनी प्रेसखाली मी पत्रा दाबला.
कानात घालायला बोळे द्यायचे,
ते आम्ही खिशात घालायचो.
कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला:
रेघ बरीच सरळ चालत येते,
आणि मग कात्रजचा घाट उतरते.
धप्प मला येतं.
खळ्ळ नाही. चिमण्या नाहीत. बांगड्या नाहीत.
फोनवर नातीच्या बोलण्यातले स आणि श
कुठे सांडतात कोण जाणे.
म्हणजे अर्धं यंत्र घरात आहेच,
तेही फुकट.
हे मी तन्वीरला सांगत नाही.
त्याचं वय पंचवीस असेल, आणि तो ताशा वाजवतो.
मग सांगतोच. बोळे घाल रे, म्हणतो.
तो हो म्हणतो, आम्ही म्हणायचो तसं.

आता टेस्ट, म्हणून तो पेटीतून डबी काढतो.
आत काच फुटल्याचा आवाज भरलेला.
बटण दाबतो.
मला लांब कुणीतरी गादी टाकल्यासारखं काहीतरी,
आणि छतावर लाल ठिपका,
आणि आतून कुमुद, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी:
हलू नका कुणी! आधी चपला घाला!

ती येते ती एका हातात केरसुणी, दुसऱ्यात गाळणं,
नजर फरशीवर.
तन्वीर खरंच एका पायावर उभा आहे.
काकू, रेकॉर्डिंग होतं, तो म्हणतो.
ती ऐकते, मान हलवते,
आणि तरी झाडते, कोपऱ्यापासून दारापर्यंत.

पावती होते: हॉलला छतावरचं एक,
मागच्या दोन खिडक्यांना चिकटणाऱ्या दोन.
स्वयंपाकघरात? तो पेन थांबवतो.
तिथे नको, मी म्हणतो.
चहा उकळून उकळून काळा झालाय,
गॅस मीच जाऊन बंद करतो.
परत येतो तर कुमुद वाकून
दिवाणाखाली बॅटरी मारतेय.
एखादी कपची राहतेच, म्हणते.