पिवळं उमटत नाही

महापालिकेच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
एका पानाला दोन रुपये, पाठपोट तीन,
अर्ज लिहून द्यायचे वीस.
त्या महिन्यात नवाच अर्ज निघाला होता:
‘आपल्या प्रभागाचं बजेट आपण ठरवू या.’
रकाने चार. कामाचं नाव. ठिकाण. अंदाजे खर्च.
घरपट्टीचा मालमत्ता क्रमांक.

विश्रामबागचे गुळवणी साहेब घरून टाइप करूनच आले,
सोबत नकाशा, रंगीत.
बागेतल्या चालण्याच्या वाटेला रबरी फरशी,
गुडघ्यांना मऊ लागावी म्हणून.
आकडा पैशापर्यंत काढलेला.
स्टेपल तिरकी बसली म्हणून
पुन्हा मारायला लावली.

शेवंता वायदंडे आली तेव्हा लाइट गेली होती.
मार्केट यार्डात हळद निवडते ती;
नखांच्या मुळाशी हळद, कानांच्या पाळीमागं हळद.
“लिवा,” म्हणाली,
“पाणी चढलं की आमास्नी कंच्या शाळंत न्हेणार
त्ये आदीच सांगून ठेवा.”

इतकंच?
इतकंच.
दर खेपेला रात्री भोंगा येतो,
आयर्विनला बेचाळीस झालं, निघा.
कुठं, ते गाडीत बसल्यावर कळतं.
एकोणीसला ही एका शाळेत, सासू दुसऱ्या,
शेळी कुठल्याच नाही.
अकरा दिवस दोघी एकमेकींना
मेलेल्या धरून होत्या.

खर्च? मी विचारलं.
सांगायला कसला खर्च?
मी शून्य लिहिलं.
खिडकीतल्या पोरानं कागद परत सरकवला:
शून्याचं काम बजेटात बसत नाही.
मग आम्ही बाकड्यावर बसून
एका सांगण्याला खर्च लावला.
लोखंडी फलक, दोन खांब, रंग, अक्षरं.
साडेनऊ हजार.
“जरा कमी करा की,” ती म्हणाली,
जसे तिच्याच कनवटीचे जाणार होते.

मालमत्ता क्रमांक तिला नव्हता.
पत्र्याच्या खोलीला कुठला क्रमांक?
मी माझा घातला.
खरं सांगतो, मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं.
विसाचे दहाच घेतले.

सही करताना तिनं कागद दाबून धरला होता.
कडेला चार बोटं, पिवळी.
लाइट आल्यावर प्रत काढली, तर कडा कोरी.
माझ्या मशीनला पिवळं दिसत नाही.
टोनर बदलला, ड्रम बदलला.
लग्नपत्रिकेला लावलेल्या हळदीकुंकवातलं
कुंकू तेवढं काळं येतं.

मतदान मोबाइलवर झालं. रबरी फरशी पहिली.
फलक मतांशिवायच मंजूर:
दहा हजारांच्या आतलं काम,
मार्चअखेर, पैसे उरलेले.

एप्रिलात एका सकाळी टेम्पोतून दोन माणसं उतरली,
खड्डे घेतले, सिमेंट ओतलं,
आणि फलक उभा केला
माझ्या घरासमोर.
मालमत्ता क्रमांकाप्रमाणे.

आमची गल्ली उंचावर.
एकोणीसला आम्ही पाणी बघायला
रिक्षा करून गेलो होतो.

‘पूर आल्यास: शाळा क्रमांक सत्तावन्न, पहिला मजला.’
पोरांना स्टंप झाला.
मी दुरुस्तीचा अर्ज दिला, माझ्याच दुकानात लिहून.
दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या बजेटात मागा, म्हणाले.

रविवारी शेवंता आली, जावेला घेऊन.
एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं तिनं,
मग जावेकडून वाचून घेतलं,
मग पाठ म्हणवून घेतलं.
“अक्षरं झ्याक काढल्यात,” म्हणाली.
मला वाटलं आता बोलेल. बोलली नाही.
पदर खोचला, खांबाभोवती फिरली, खाली वाकली, वर बघितलं.
“खांब ऱ्हाऊ द्या हितंच. पाटीला चारच बोल्ट हायती.
पान्हा हाय का?”

नाही म्हणालो.
माझ्याकडं कात्री, पंच, स्टेपलर.
मग म्हणालो, थांबा,
कोपऱ्यावर दस्तगीरचं पंक्चरचं दुकान आहे,
तो या वेळी जेवायला जातो,
पान्हे बाहेरच टांगलेले असतात.