अर्ध्या ओळी

दिवाडीच्या खाजनात मानशीला लाकडी दारं आहेत.
भरती त्यांना लोटून बंद करते,
ओहोटीला आतलं पाणीच ती उघडतं.
शेकडो वर्षं कोणी कळ दाबली नाही.
मग एका रात्री दारात ओंडका अडकला
आणि कोरगुटालाही सोसवणार नाही
इतकं खारं पाणी शेतात उभं राहिलं.
कोमुनिदादच्या सभेत ठरलं:
दार अडकलं तर फोन वाजावा.
एवढंच.

मी म्हटलं, आठवड्याचं काम.
भरतीचं गणित इनासियोनं लिहून ठेवलंय,
फोन लावणारा भाग फोंड्याच्या वृंदा केरकरनं.
दोघांनीही जगाला फुकट दिलंय.
दोन तुकडे, एक टाका.

टाका घालताना वरच्या ओळी वाचल्या,
ज्या कधीच कोणी वाचत नाही.

इनासियो म्हणतो: घ्या, बदला, पुढे द्या, पण असंच द्या.
माझ्या अटींवर आणखी एकही अट चढवू नका.

वृंदा म्हणते: घ्या, बदला, हवं तर विका.
फक्त जाहिरात कराल तिथं माझं नाव छापा.

तिचं नाव ही त्याच्यासाठी एक अट जास्त.
आपल्यापुरतं ठेवलं असतं तर प्रश्नच नव्हता,
पण चोडणचे लोक मागत होते, आणि शिरोड्याचेही.

आग्नेल म्हणाला, कोण बघतंय?
मी वृंदाला फोन केला.
ती म्हणाली, कॉलेजात माझ्या प्रोजेक्टवर
सरांनी स्वतःचं नाव घातलं होतं.
ती ओळ मी काढणार नाही. राग नको मानू.
मी राग मानला. दोन दिवस.

इनासियोला विचारता आलं नसतं,
दोन वर्षं झाली त्याला जाऊन.
त्याच्या घरी गेलो, कागद घेऊन,
एझिल्दाबायनं चष्मा पुसला.
गोव्याचा कायदा तिला माझ्याहून पाठ:
लग्नानंतरचं जे काही त्याचं, त्यातलं अर्धं तिचं,
उरलेलं मुलाचं, जो स्विंडनला गोदामात रात्रपाळी करतो.
मुलानं फोनवर एका शब्दात होकार दिला.

बाय म्हणाली, अर्ध्या ओळी माझ्या.
कुठल्या? वरच्या की खालच्या?
की एक सोडून एक?

मला हसू आलं, मग उत्तर आलं नाही.

तिनं सगळी पानं मागितली.
कोड तिला कळत नव्हता,
ती मधल्या टिपा तेवढ्या वाचत गेली, बोट ठेवून,
आणि एका जागी थांबली. त्यानं लिहिलं होतं:
'ही ओळ कित्याक चलता म्हाका खबर ना. हात लावूं नाकात.'
ती इतकी हसली की शेजारीण डोकावली.
म्हणाली, घरचा पंपही त्यानं असाच दुरुस्त केला होता.

मग कागद परत दिला, सही न करता.
त्याला नको होतं ते मी कशी देऊ, म्हणाली,
माझी अर्धी असली तरी.

परतीच्या फेरीबोटीत मी दोघांनाही शिव्या घातल्या,
एकाला मेलेल्याला, एकीला जिवंत.
इतकं भरभरून देणारी माणसं
एका ताटात का जेवत नाहीत?

शेवटी टाका घातलाच नाही.
त्याचं यंत्र एका डब्यात, तिचं दुसऱ्या.
त्याचं एका फाइलीत आकडा लिहून बाजूला होतं,
तिचं येऊन तो वाचतं आणि फोन लावतं,
भिंतीवरून वाटी द्यावी तसं,
उंबरा न ओलांडता.

आग्नेल म्हणतो, ही पळवाट.
वृंदा म्हणते, माझं काही म्हणणं नाही.
पणजीच्या वकिलानं फाइल दोनदा उलटली,
फी घेतली, म्हणाला:
बहुतेक चालेल.

परवा रात्री सव्वादोनला फोन वाजला.
आम्ही टॉर्च घेऊन बांधावर धावलो.
ओंडका नव्हता. दार नीट मिटलं होतं.
आकडा चुकला होता,
आणि चूक नेमकी त्याच ओळीत होती.