पळसाला पाने तीनच

महूच्या पुढे, घाट उतरायला लागण्याआधी,
कुसुमखेडीच्या हरभऱ्यात हे उभं आहे.
नथानिएल भांबळ याला देऊळच म्हणतात.
किल्ली त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात, सुतळीला बांधलेली.

मी इंदूरहून टेप आणलाय
आणि चार पानांचा छापील फॉर्म.
टेपचं एक टोक भांबळांच्या हातात.
लांबी बेचाळीस फूट सात इंच.
भिंतीची जाडी अडीच फूट, काळा दगड,
चुन्यात गूळ, उडीद, बेलफळाचा गर.
बेलफळासाठी फॉर्मवर जागा नाही.

छप्पर मात्र भलतंच उभं,
कवेलू कसे टिकले कोण जाणे.
एवढा उतार कशाला?
बर्फ घसरून पडावं म्हणून.
इथे?
इथे कुठलं, बाई. त्याच्या गावात.

त्याच्या म्हणजे प्रिथर्डच्या.
घाटातल्या रेल्वेचा इंजिनियर,
वेल्समधल्या कुठल्याशा खेड्याचा,
जिथे माणसांहून मेंढ्या जास्त, असं तो सांगायचा म्हणे.
तंबूत, कंदिलाखाली, आठवणीतून काढलेला नकाशा:
पूर्वेला तीन अरुंद खिडक्या,
पश्चिमेला घंटेपुरती कमान,
दक्षिणेच्या भिंतीवर सावलीचं घड्याळ,
खांबांच्या माथ्यावर पानं.
कसली पानं, गोंदाजी पाथरवटानं विचारलं.
ओक, म्हणाला साहेब,
आणि बोटानं हवेत
काहीतरी वाकडंतिकडं काढून दाखवलं.

त्या वर्षी आखाजीनंतर कॉलरा आला.
साहेब गेला तेव्हा भिंती कमरेइतक्या.
गोंदाजीची सात महिन्यांची मजुरी थकलेली.
तरी त्यानं काम सोडलं नाही.
का, ते कुठल्या दप्तरात नाही,
आणि भांबळांना विचारलं तर ते
कबुतरं हाकलायला लागतात.

शिडीवर चढून मी खांबाच्या माथ्यावरून हात फिरवते.
गुळगुळीत, रुंद, शिरा ठसठशीत,
प्रत्येक देठाला तीन.
चारही खांबांना.
पळसाला, भांबळ खालून ओरडतात,
आणि पुढचं माझ्यावर सोडतात.
पाळकांनी यावर पुष्कळ प्रवचनं केलीत,
पिता, पुत्र, सगळं त्यांना पाठ आहे.
गोंदाजी तर शेवटपर्यंत खंडोबाचा.
घाटात फाल्गुनात पेटलेलं झाड त्यानं पाहिलं होतं,
एवढं खरं.

घड्याळ अजून भिंतीवर आहे.
काटा नकाशातल्याच कोनात बसवलेला,
त्या गावाच्या सूर्यासाठी,
जो क्षितिजाला धरून चालतो.
आपला सरळ डोक्यावर येतो.
त्यामुळे ते सकाळी चुकतं, संध्याकाळी चुकतं,
बाराच्या ठोक्याला तेवढं खरं बोलतं.
आणि जूनमध्ये महिनाभर
सूर्य भरदुपारी छपरामागे, उत्तरेला सरकतो,
तेव्हा बाराही वाजत नाहीत.
भांबळांचे आजोबा त्या दिवसांत
घंटा भुकेवर वाजवत.

उत्तरेच्या भिंतीत तडा आहे.
काळी माती, वैशाखात फाटते, श्रावणात फुगते,
तिला कुणाच्या नकाशाचं काय.
तड्यावर काचेची पट्टी चिकटवलेली,
खाली पेन्सिलीनं तारीख: १२ मार्च.
भिंत हलली तर काच आधी फुटेल, भांबळ म्हणतात,
रोज सकाळी बघतो.
चहाच्या आधी.

फॉर्मवर चौकट आहे, शैली.
मी गॉथिक लिहिलं.
खोडलं.
ग्रामीण, असं लिहिलं, तेही खोडलं,
आता तिथे कागद झिरझिरीत झालाय.

लांबी परत घेऊ या का, भांबळ विचारतात,
मघाशी माझा हात ढिला होता.
ते वेदीकडच्या भिंतीला टोक टेकवून उभे राहतात,
मी दाराशी, उंबऱ्यावर गुडघा टेकून.
बेचाळीस फूट नऊ इंच.